तीनदा ठीक

॥ श्री ॥
हट्टा, ता. वसमत
श्रावण शुद्ध पंचमी, ९ ऑगस्ट २०२४

चिरंजीव अपर्णा,

श्रीकृपेने तुझे सर्व कुशल असावे. माझ्या कानांनी आता जवळजवळ निरोप घेतला आहे. फोनवर तू बोलतेस ते विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटते. तेव्हा मामा-भाचीने पुन्हा टपालाकडे वळावे हेच बरे. तुझे अक्षरही त्या निमित्ताने सुधारेल.

हे पत्र घेऊन येणारा गृहस्थ तुझ्या ओळखीचा आहे. मळ्यातला संतराम. लहानपणी तुला बैलगाडीतून नदीवर नेणारा तोच. माझ्या हाताखाली शिकला, आणि आज या बहिऱ्या म्हाताऱ्याचे कान तोच आहे. सायंकाळी पोथी सांगायला मी देवळात बसतो, तेव्हा श्रोत्यांचे प्रश्न तो माझ्या कानाशी ओरडून सांगतो. उत्तर त्याला पटले नाही तर तेही ओरडून सांगतो.

त्याला अंतर्गळाचा (हर्नियाचा) विकार जडला आहे. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे येथील डॉक्टर म्हणतात. तुझ्या धर्मादाय रुग्णालयात ती व्हावी अशी त्याची इच्छा, कारण तेथे तू परिचारिका आहेस.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी लेखणी हाती घेतली. चौदा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या गळवावर त्याला पेनिसिलिनची सुई दिली गेली. घटकाभरात ओठ सुजले, श्वास कोंडला. जीपमधून नेताना त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. तो वाचला ही ईश्वराची दया. त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे नाव मी माझ्या हाताने कागदावर लिहिले आणि तांब्याच्या ताईतात घालून त्याच्या गळ्यात बांधले. "या माणसास पेनिसिलिन देऊ नये." आंघोळीलाही तो तो ताईत काढत नाही. गावात त्याला चिडवतात, "संतरामला भूत न्हाई, सुई लागलीय."

तुमच्या नोंदीत ही एकच ओळ चढव. बाकी सर्व त्याच्या दैवावर आणि डॉक्टरांच्या हातावर सोडू. ही ओळ मात्र दैवावर सोडावयाची नाही.

तुझा मामा
राधाकृष्ण

◆

हिंगोली
१६ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामांच्या चरणी अपर्णाचा नमस्कार.

संतरामदादा आले, तपासणी झाली. आल्याबरोबर मला म्हणाले, "अपर्णाताई, किती वाळलीस गं! दवाखान्यात लोकं बरी व्हतात का उलटं?" सगळी रांग हसली.

तुमची ओळ मी स्वतः चढवली. संगणकावर रुग्णाच्या नोंदीत त्यासाठी वेगळा रकाना आहे. तेथे "पेनिसिलिन देऊ नये" असे लिहिले की ती अक्षरे लाल होतात. ती लाल झालेली मी डोळ्यांनी पाहिली. निश्चिंत असा.

मार्चपासून आमच्याकडे सगळे कागद बंद झाले आहेत. माणसे कमी असल्यामुळे नोंदणीच्या खिडकीवरही आम्हीच बसतो. हे नवे सॉफ्टवेअर म्हणजे एक विचित्र सासू आहे, तिचे मन सांभाळून घ्यावे लागते. वडिलांच्या नावाच्या रकान्यात मराठी अक्षर टाकले की पडदा गोठतो. म्हणून आम्ही तेथे एक टिंब देतो आणि पुढे जातो. मागे जायचे बटण दाबले तर ते आपल्यालाच बाहेर काढते, म्हणून मागे कोणी जातच नाही. आणि प्रत्येक रुग्णामागे तीन लाल चौकटी उघडतात. पहिली पिनकोड चुकला म्हणते, तो बरोबर असला तरी. दुसरी मोबाइल क्रमांक विचारते, तो दिलेला असला तरी. तिसरी दर वेळी काही निराळेच बडबडते. तिन्हींना "ठीक आहे" म्हटले की नोंद पुरी होते.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक चौकट वाचत होते. रांग फाटकापर्यंत गेली. एक बाई ओरडल्या, "काहून बघून राहिली बाई ती, शिनेमा लागलाय का?" आता नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो: तीनदा ठीक.

कंपनीचा माणूस आला होता. आम्ही तक्रारी सांगितल्या तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पंधरा दिवसांत सवय होईल." खरे सांगते, दहाच दिवसांत झाली.

शस्त्रक्रियेची तारीख लवकरच कळवते.

अपर्णा

◆

॥ श्री ॥
हट्टा
श्रावण वद्य अष्टमी, २६ ऑगस्ट २०२४

चिरंजीव अपर्णा,

आज जन्माष्टमीचा उपवास. देवळात रात्री कीर्तन आहे. तोवर वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तुझे पत्र दोनदा वाचले. ती ओळ चढली हे वाचून समाधान झाले, परंतु तिसऱ्या चौकटीपाशी मन अडले. ती निराळेच बडबडते असे तू लिहितेस. काय बडबडते? आमच्या वडिलांनी मला वेदपाठ शिकविला तेव्हा एकच मंत्र सरळ, उलट, पुन्हा सरळ, जोडी बांधून, जोडी सोडून म्हणवून घेत. मी कंटाळून विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, "जीभ सवयीने चालू लागली की मन झोपते. मन झोपू नये म्हणून वाट वाकडी केली आहे." तुमच्या यंत्राने वाट वाकडी केली आहे खरी, पण मनास जागे करण्याऐवजी निजविले आहे. माझी शंका एवढीच.

तुला दोष देत नाही. संध्येतले आचमन मी साठ वर्षे तीनदा करतो आहे. त्यांतली कितीतरी केवळ हाताने केली. आणि व्यवहार चालवावयाचा तर रिकामी जागा भरावीच लागते. पूजेच्या संकल्पात यजमानाला गोत्र ठाऊक नसले तर आम्ही काश्यप म्हणून पुढे जातो. शास्त्राचीच तशी मुभा आहे.

मीही शाळेत हेच केले. एकाहत्तर साली या गावी रुजू झालो तेव्हा कोणाच्या लेकराची जन्मतारीख कोणास ठाऊक होती? आई म्हणे, "बाजरी काढून राहिलो व्हतो तवा झाला." दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे शाळाप्रवेशाच्या नोंदवहीत, बाजरीचा रकाना नव्हता, आणि रकाना कोरा ठेवला तर साहेब वही फेकीत. मग मुलाचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला टेकवायचा. बोट टेकले की सहा वर्षे पुरी. मी लिहीत असे: एक जून. अर्ध्या गावाचा जन्म माझ्या लेखणीतून एक जूनला झाला आहे. पुढे त्याच तारखा त्यांच्या सरकारी ओळखपत्रांवर गेल्या. संतराम मला अजून चिडवतो, "गुरुजी, आमच्या मायला कळा बी तुमच्या परवानगीनं आल्या."

बरे आठवले. आपल्या गावचा दुसरा संतराम, वेशीतला, तोही कदमच, बगलेतल्या गळवासाठी पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येईल. तोही माझा विद्यार्थी, दोघे एकाच वर्गात. सज्जन आहे, पण भित्रा. त्याला धीर दे.

तिसरी चौकट काय म्हणते ते कळव.

मामा

◆

हिंगोली
४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामांस नमस्कार.

उशीर झाला, क्षमा करा. तापाची साथ आहे. काल एका दिवसात तीनशे बारा नोंदी केल्या. घरी आल्यावर धाकटीने विचारले, "आई, मी खेळायला जाऊ?" माझ्या तोंडून निघाले, "ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे." ती पळालीसुद्धा.

वेशीतले संतराम परवा, सोमवारी आले होते. नोंद मीच केली. सुई पाहून त्यांनी डोळे मिटून तुमचे नाव घेतले, देवाचे नव्हे! आधी पेनिसिलिनची चाचणी घेतली, काही त्रास झाला नाही, मग पूर्ण औषध दिले. गळू बसते आहे.

तिसऱ्या चौकटीचे विचारलेत. कधी ती म्हणते तारीख भविष्यातली आहे, कधी म्हणते रुग्णाचे लिंग तपासा. पुष्कळदा म्हणते की या नावाचा, या गावाचा आणि या जन्मतारखेचा रुग्ण आधीच नोंदलेला आहे, दोन्ही नोंदी एकत्र करू का? दुसऱ्यांदा येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरच असते. त्यात काळजीचे काही नाही, मामा.

संतरामदादांची शस्त्रक्रिया सोमवारी, १६ तारखेला ठरली आहे. आदल्या दिवशी दाखल व्हावे. एक विनंती: शस्त्रक्रियेच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. भुलीचे डॉक्टर फार कडक आहेत. गेल्या महिन्यात एका म्हातारबाबांनी गळ्यातली माळ काढायला नकार दिला तर त्यांनी त्यांना परत पाठवले. तो ताईत घरीच ठेवायला सांगा. येथे काढला तर हरवायचा. आणि आता त्याची गरज तरी काय? त्यातली ओळ आमच्याकडे लाल अक्षरांत आहे. प्रत्येक खोलीतल्या पडद्यावर दिसते. ताईत तर एकाच गळ्यात असतो.

मी त्या दिवशी त्यांच्याजवळ थांबेन.

अपर्णा

◆

॥ श्री ॥
हट्टा
भाद्रपद शुद्ध सप्तमी, १० सप्टेंबर २०२४

चिरंजीव अपर्णा,

घरी श्रींची मूर्ती विराजमान आहे. काल आरतीनंतर संतराम आणि त्याची पत्नी द्वारकाबाई यांना बसवून घेतले आणि तुझा निरोप सांगितला.

द्वारकाबाई एकदम उसळली. पदर खोचून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "चौदा वर्सं झाली गुरुजी, तुमीच बांधला. आता तुमीच काढा म्हनता?"

मी म्हणालो, "बाई, आता ती ओळ दवाखान्याच्या यंत्रात आहे."

"यंत्राला माझा नवरा वळखू येतो व्हय?"

संतराम हसू लागला. "अगं, गुरुजींनी सांगितलं म्हंजे झालं. शाळंत घातलं तवा बी माझं बोट कानाला बराबर लागत नव्हतं. गुरुजी म्हनले लागलं, तर लागलं."

मी तुझे वाक्य तिला वाचून दाखविले, की ताईत एकाच गळ्यात असतो आणि ती ओळ प्रत्येक खोलीत दिसते. तिला उत्तर सुचले नाही म्हणून माझे म्हणणे खरे ठरले, असे मी मानले. संतरामाने मान वाकविली, मी दोरा सोडविला. गळ्याभोवती दोऱ्याचा पांढरा वण उमटला आहे. ताईत देवघरातल्या खुंटीला अडकविला. बरा होऊन तो परत येईल, तेव्हा देवासमोर पुन्हा बांधू असे ठरले.

एक गोष्ट कबूल करतो. हयातीचा दाखला देण्यासाठी मी परवा सेवा केंद्रात गेलो होतो. तेथील प्रतीक्षा म्हणाली, "गुरुजी, मशीन दोनदा न्हाई म्हनते, तिसऱ्यांदा हो म्हनते. दोनदा उगाच अंगठा लावा." मी उगाच दोनदा लावला आणि तिसऱ्यांदा जिवंत ठरलो. राग यावयास हवा होता. आला नाही. पुढच्या वर्षी हे ध्यानात ठेवावे, एवढेच मनात आले. तुझ्या पत्रातली तिसरी चौकटही मग तितकीशी टोचेना.

रविवारी तो निघेल. त्याच्याजवळ थांब.

मामा

◆

हिंगोली
२९ सप्टेंबर २०२४

मामा,

तेरा दिवस मी पत्र लिहायला बसते आणि उठते. संतरामदादांना घेऊन गाडी हट्ट्याला आली तेव्हा मी तिच्यात नव्हते. मला यायला धीर झाला नाही. लोकांनी तुम्हाला काय सांगितले ते ठाऊक नाही. मी जे पाहिले ते सांगते.

सोमवारी सकाळी नोंदणीचा पडदा गोठला. मला खिडकीवर बोलावले. दहा मिनिटांत येते असे दादांना सांगून मी गेले. आत परिचारिकेने रीतीप्रमाणे त्यांना विचारले, कोणत्या औषधाचा त्रास होतो का? ते म्हणाले, "ते समदं मशीनीत हाय ताई. आमच्या गुरुजींनी लिहून पाठवलंय."

तिने मशीनमध्ये पाहिले. तेथे लिहिले होते: पेनिसिलिन चाचणी २ सप्टेंबर, त्रास नाही. लाल अक्षर एकही नव्हते. तिने सुई दिली.

मी धावत पोहोचले तेव्हा डॉक्टर छातीवर दाब देत होते. दादांचे ओठ मी पाहिले. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिले होते तसेच होते. यावेळी ते परत आले नाहीत.

यंत्रात प्रत्येक बटणाची वेळ लिहिलेली असते. २ सप्टेंबर, अकरा वाजून बावन्न मिनिटे, अपर्णा. मी वेशीतल्या संतरामांची नोंद करत होते. तिसऱ्या चौकटीने विचारले, या नावाचा, या गावाचा, या जन्मतारखेचा रुग्ण आधीच आहे, एकत्र करू? वडिलांच्या जागी दोघांनाही टिंब होते. मी ठीक आहे म्हटले. दोन माणसांचा एक माणूस झाला, आणि नव्या नोंदीने जुनी ओळ पुसली. तिन्ही चौकटी मिळून मला चार सेकंद लागले होते. तेही लिहिलेले आहे.

चौकशी बसली आहे. कंपनी म्हणते, आम्ही विचारले होते, त्यांनी संमती दिली. ते खोटे नाही.

दोघांची जन्मतारीख एकच निघाली हा दुर्दैवी योगायोग, असे मी जबाबात लिहिले आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

अपर्णा

◆

॥ श्री ॥
हट्टा
आश्विन शुद्ध प्रतिपदा, ३ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव अपर्णा,

योगायोग हा शब्द तू माझ्यासाठी लिहिलास. माझे जन्माष्टमीचे पत्र तुझ्याजवळ आहे, त्यात मी माझ्याच हाताने सर्व लिहून ठेवले आहे, आणि ते तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे. मामाला वाचविण्यासाठी तू असत्य लिहिलेस. हा भार मी तुला वाहू देणार नाही.

काल सर्वपित्री अमावस्या होती. तर्पण करून उठलो आणि थेट शाळेत गेलो; गांधी जयंतीच्या कार्यक्रमासाठी ती उघडी होती. मुख्याध्यापकांनी जुने दाखलखारीज रजिस्टर काढून दिले. चौऱ्याहत्तर सालचे पान. संतराम सोनाजी कदम, एक जून अडुसष्ट. त्याच्याखाली दोन ओळी सोडून संतराम हरिचंद कदम, एक जून अडुसष्ट. अक्षर सुंदर आहे. तेव्हा माझ्या अक्षराचा मला अभिमान होता.

बापांची नावे मी लिहिली होती, अपर्णा. त्यांच्या जागी टिंब तुम्ही दिलेत. तारखा मी सारख्या केल्या. अर्धे काम मी पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवले, उरलेले तू चार सेकंदांत केलेस. आपण दोघांनीही ते रांग पुढे सरकावी म्हणून केले.

द्वारकाबाई रोज सकाळी येऊन देवघराच्या खुंटीकडे पाहते आणि जाते. बोलत नाही. बोलली असती तरी मला ऐकू आले नसते, असे लोक समजतात. मला तिचे ऐकू आले असते.

सोबत चार पाने जोडली आहेत. चौकशी समितीपुढे ठेव. त्या तारखा खऱ्या नाहीत, त्या मी भरल्या, आणि या जिल्ह्यात अशा एक जूनच्या हजारो नोंदी आहेत, तेव्हा उद्या हेच पुन्हा होईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शिक्षा मला होवो, पण ती चौकट थांबवा.

मामा

◆

हिंगोली
१३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस नमस्कार.

चौकशी संपली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि नव्या आवृत्तीचे दोन तासांचे प्रशिक्षण.

तुमची चार पाने मी घेऊन गेले होते. समिती कागद स्वीकारत नाही. निवेदन संगणकावरूनच भरायचे, दोनशे अक्षरांत. मी तुमचे टंकायला बसले. "मी, राधाकृष्ण, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मौजे हट्टा, ईश्वरास स्मरून सत्य कथन करतो की" असे करत आणखी दीड ओळ गेली आणि पडदा पुढचे घेईना. एक जूनपर्यंत आपण पोहोचलोच नाही. वर शेरा पडला आहे: अर्जदाराचे म्हणणे अपूर्ण.

नवी आवृत्ती आली. आता एकत्र करण्याआधी ती जास्त काळजी घेते. तीनऐवजी पाच चौकटी उघडतात.

पहिले दोन दिवस मी पाचही वाचल्या, मोठ्याने. रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. एका लेकराला फिट आली तेव्हा त्याची आई रांगेत चाळिसावी होती. त्यानंतर सगळी रांग माझ्या बोटांकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीवरची मुलगी नव्या मुलीला शिकवत होती, "पाचदा ठीक." मी तिला थांबवले नाही.

आणखी एक. वेशीतले संतराम गळवाची जखम दाखवायला आले. त्यांची नोंद उघडेना. पडद्यावर येत होते: रुग्ण मृत आहे. एकच नोंद उरली होती, आणि ती बंद झाली होती. ते खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "अहो ताई, मी मेलो तर हे दुखून कोनाचं राहिलंय?" कोणी हसले नाही. मग मुलींनी तोड काढली. नावात एक अक्षर जास्त घालून आणि जन्मतारीख एक जानेवारी टाकून त्यांची नवी नोंद उघडली. आता असे पुष्कळांचे करतात.

मामा, ते बटण मी दाबले. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

अपर्णा

◆

॥ श्री ॥
हट्टा
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, ११ डिसेंबर २०२४

चिरंजीव अपर्णा,

तुला दोष देण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हे या पत्राच्या शेवटी तुलाही कळेल.

काल द्वारकाबाई प्रथमच बोलली. मळ्याच्या उताऱ्यावर तिचे नाव लागावयाचे आहे. वारसाच्या अर्जात मृताची जन्मतारीख हवी. ती म्हणाली, "गुरुजी, ह्या टायमाला तरी त्यांची खरी तारीख लिवा." तिच्या सासूने तिला सांगून ठेवले होते: संतराम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता.

रात्री मी माळ्यावरून जुनी पंचांगे काढली. अडुसष्ट सालचा पोळा पाहिला. दुसरा दिवस चोवीस ऑगस्ट. म्हणजे शाळेत आणला तेव्हा त्याला सहावे वर्ष पुरे झालेलेच नव्हते. बोट कानाला टेकले नाही असे तो जन्मभर हसत सांगत आला ते खरे होते. मी त्याचे बोट हाताने ओढून टेकविले होते. छप्पन्न वर्षांनी मला त्या मुलाचा जन्मदिवस कळला, आणि मी आनंदाने रडलो.

सकाळी आम्ही दोघे सेवा केंद्रात गेलो. प्रतीक्षाने चोवीस ऑगस्ट टाकले. लाल चौकट आली: ओळखपत्राशी तारीख जुळत नाही. पुन्हा टाकले, पुन्हा तीच. मी तिला पोळा समजावून सांगितला, पंचांग दाखविले. मागे पंधरा-वीस माणसे उभी होती. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, मला पटतंय हो. ह्याला पटत न्हाई. जुनीच टाकू का? न्हाईतर मावशीचा अर्ज पुढं जात न्हाई."

मी द्वारकाबाईकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "टाक."

तेथवर मी स्वतःस समजावीत होतो, की हे यंत्राने करविले, रांगेने करविले.

घरी आलो तर ओट्यावर वेशीतला संतराम बसला होता. वाळला आहे. दवाखान्यातली 'मृत' ही नोंद पुढे इतर यंत्रांतही गेली म्हणतात. दवाखान्यात तो एक आहे, बँकेत दुसरा, रेशनच्या दुकानात त्याचा अंगठाच कोणाला ओळखू येत नाही. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "गुरुजी, त्याला दिला व्हता तसा मला बी एक कागद लिवून द्या. गळ्यात बांधतो."

"काय लिहू?"

"हा मानूस जित्ता हाय म्हनून लिवा."

देवघरातल्या खुंटीवरचा ताईत मी काढला. आतला जुना कागद जसाच्या तसा निघाला; शाई जराही फिटलेली नव्हती. तो बाजूला ठेवून नवा कागद घेतला. शुचिर्भूत होतो, उपवास होता, देवासमोर बसलो होतो, मागे रांग नव्हती, समोर कोणतेही यंत्र नव्हते. सावकाश लिहिले: हा माणूस जिवंत आहे. खाली नाव, बापाचे नाव, गाव. मन त्या वेळी गेलेल्या संतरामापाशी होते. हात चालत राहिला.

घडी घालताना मी पाहिले. गावाच्या नावाखाली, माझ्या त्याच सुंदर अक्षरात, मी लिहिले होते: जन्म, एक जून.

संतरामाने गळा पुढे केला होता आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी घडी पुरी केली, ताईतात घातली आणि दोरा बांधला.

मामा